खिशात मावणारे शस्त्र : लघु पिस्तूल व रिव्हॉल्व्हर यांचा तौलनिक विचार

प्रस्तावना

अंगावरील कपड्यांत झाकून नेता येईल असे लहान पिस्तूल हा विषय महाविद्यालयीन नियतकालिकांतून सहसा हाताळला जात नाही. त्याविषयी जे लिहिले जाते ते एकतर गुन्हेवृत्तांच्या स्वरूपात असते किंवा शस्त्रविक्रेत्यांच्या माहितीपत्रकात असते. वस्तुतः पदार्थविज्ञान, विधी, इतिहास आणि समाजशास्त्र या चारही ज्ञानशाखांचा या छोट्या वस्तूशी संबंध येतो.

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर उभ्या राहिलेल्या ऊसशेतीने व सहकारी साखर कारखानदारीने बारामती आणि इंदापूर तालुक्यांचे अर्थकारण पालटले. पूर्वी या भागात शस्त्र म्हटले की पिकाची राखण करणाऱ्या शेतकऱ्याची ठासणीची किंवा बारा बोअरची बंदूक डोळ्यांसमोर येई. जमिनीचे वाढते भाव, ठेकेदारी, पेट्रोल पंप, सराफी आणि रोख रकमेची ने-आण यांबरोबर कमरेला लावायच्या शस्त्राची इच्छा आली, आणि त्या इच्छेला प्रतिष्ठेची जोडही मिळाली. परवान्याच्या अर्जात मात्र कारण एकच लिहिले जाते, ते म्हणजे स्वसंरक्षण. प्रस्तुत लेखात त्या एका शब्दाची छाननी केली आहे. खिशात मावण्यासाठी शस्त्राला काय गमवावे लागते आणि उरते ते बाळगणाऱ्याच्या कितपत कामी येते, हा येथील मुख्य प्रश्न होय.

पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर

बोलीभाषेत हे दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. वृत्तपत्रेही त्याला अपवाद नाहीत. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसे फिरत्या चक्रात असतात. चाप ओढला की चक्र एक घर पुढे सरकते, घोडा मागे जाऊन आदळतो आणि गोळी सुटते. एखादे काडतूस फुसके निघाल्यास पुन्हा चाप ओढला की पुढचे काडतूस नळीसमोर येते. रचना सुबोध आहे, शस्त्र भरलेले आहे की रिकामे हे चक्राकडे पाहून कळते, आणि वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिले तरी त्यातील कोणतीही स्प्रिंग काडतुसांच्या दाबाखाली राहत नाही. दोष दोन : चक्राच्या फुगवट्यामुळे ते खिशात उठून दिसते, आणि त्यात बहुधा पाच किंवा सहाच काडतुसे मावतात.

अर्धस्वयंचलित पिस्तुलात काडतुसे मुठीतील मॅगझिनमध्ये एकावर एक रचलेली असतात. गोळी सुटताना निर्माण होणाऱ्या दाबाने वरचा सरकता भाग मागे जातो, रिकामे टरफल बाहेर फेकतो आणि परत येताना नवे काडतूस नळीच्या मागील घरात बसवतो. असे पिस्तूल चपटे असते, म्हणून झाकून नेण्यास अधिक सोयीचे. परंतु त्याच्या वापरात एक जीवघेणा गैरसमज दडलेला आहे. मॅगझिन काढून घेतले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले अशी समजूत असते. प्रत्यक्षात एक काडतूस नळीच्या घरात बसलेलेच असू शकते. साफसफाई करताना होणाऱ्या अपघातांचे हे जगभरातील एक नेहमीचे कारण आहे.

खिशातील शस्त्राचा इतिहास या दोहोंपेक्षा जुना आहे. फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजर या कारागिराच्या एका गोळीच्या छोट्या पिस्तुलाने १४ एप्रिल १८६५ रोजी अब्राहम लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली, आणि 'डेरिंजर' हे नाव पुढे त्या जातीच्या सर्वच पिस्तुलांना चिकटले. आधुनिक खिशातील पिस्तुलाचे श्रेय मात्र जॉन मोझेस ब्राउनिंग या अमेरिकी संशोधकाकडे जाते. बेल्जियममधील एफएन कंपनीने त्याच्या आराखड्यावर काढलेल्या पिस्तुलाबरोबर १८९९ च्या सुमारास ७.६५ मिलिमीटरचे, म्हणजे ज्याला आज '.३२' म्हणतात ते, काडतूस बाजारात आले. त्यानंतर १९०५ च्या सुमारास त्याहून लहान ६.३५ मिलिमीटरचे, म्हणजे '.२५' चे काडतूस आले. ते वापरणारी पिस्तुले कोटाच्या आतील बंडीच्या खिशातही बसत.

लघुत्वाची किंमत

शस्त्र लहान केले की त्याच्या प्रत्येक गुणात घट होते. ही घट आकड्यांत मांडणे फारसे अवघड नाही.

पहिली घट गोळीच्या ऊर्जेत होते. '.२५' च्या गोळीचे वजन सुमारे ३.२ ग्रॅम व वेग सेकंदाला सुमारे २३० मीटर धरल्यास तिची गतिज ऊर्जा ८५ ज्यूलच्या आसपास येते. '.३२' च्या पिस्तुलाची गोळी सुमारे ४.६ ग्रॅमची व वेग २७५ मीटर धरल्यास ऊर्जा सुमारे १७५ ज्यूल होते. '.३२' च्या रिव्हॉल्व्हरचे काडतूस वेगळे व लांब असते. त्यातील सुमारे ६.३५ ग्रॅमची गोळी सेकंदाला २१५ मीटर वेगाने निघते असे मानल्यास ऊर्जा १४७ ज्यूल येते. लष्कर व पोलीस वापरतात त्या ९ मिलिमीटरच्या काडतुसाची ऊर्जा ४५० ज्यूलच्या पुढे असते. म्हणजे हातशस्त्रांच्या कुळातही खिशातील भावंड दोन ते पाच पटींनी दुबळे आहे. अर्थात दुबळे म्हणजे निरुपद्रवी नव्हे. '.२५' ची गोळीही माणसाचा प्राण घेते. परंतु प्राण घेणे आणि चाल करून येणाऱ्याला तत्क्षणी थांबवणे या भिन्न गोष्टी आहेत, आणि स्वसंरक्षणात दुसरीचीच गरज असते.

दुसरी घट नेमात होते. नळीच्या टोकावरील माशी आणि मागील खाच यांत अंतर जितके कमी, तितकी हाताची छोटी चूक मोठी होते. हे अंतर १० सेंटिमीटर असेल आणि माशी एक मिलिमीटरने सरकली तर दहा मीटरवर गोळी दहा सेंटिमीटर बाजूला जाते. हेच अंतर १८ सेंटिमीटर असलेल्या मोठ्या पिस्तुलात तीच चूक साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास राहते. घाबरलेल्या हातात चूक एका मिलिमीटरवर थांबत नाही.

तिसरी घट अनेकांना उलटी वाटते. हलके शस्त्र बाळगायला सोपे, म्हणून ते झाडायलाही सोपे असेल असा समज असतो. संवेग अक्षय्यतेच्या नियमाप्रमाणे नेमके याच्या उलट घडते. '.३२' रिव्हॉल्व्हरच्या वरील गोळीचा संवेग सुमारे १.३७ किलोग्रॅम मीटर प्रति सेकंद आहे. बारुदाच्या वायूचा वाटा सोडून दिला तरी ७०० ग्रॅमच्या रिव्हॉल्व्हरला मिळणारी धक्क्याची ऊर्जा सुमारे १.३ ज्यूल, तर ५०० ग्रॅमच्या रिव्हॉल्व्हरला सुमारे १.९ ज्यूल येते. गोळी तीच, वजन सातास पाच, आणि हाताला बसणारा झटका चाळीस टक्क्यांनी जास्त. त्यात मूठ आखूड असल्याने करंगळीला आधार मिळत नाही. म्हणून सरावाला नाखूश करणारे शस्त्र नेमके त्यांच्याच हातात जाते, ज्यांना सरावाची सर्वाधिक गरज आहे.

महाराष्ट्राच्या इतिहासातील साक्ष

१८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी प्रजेला परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्यास बंदी केली. युरोपीय मात्र त्यातून मुक्त राहिले. अशा राजवटीत शस्त्राचे लहान असणे हा गुण सर्वांत मोलाचा ठरला, कारण ते राज्ययंत्रणेच्या नजरेतून चुकवायचे होते. २२ जून १८९७ च्या रात्री पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड व आयर्स्ट यांच्यावर हल्ला केला तेव्हा त्यांनी पिस्तुलांबरोबर तलवारीही नेल्या होत्या. पिस्तुलावर पुरता भरवसा नव्हता, असाच त्याचा अर्थ लावता येतो.

बारा वर्षांनी चित्र पालटले. १९०९ च्या प्रारंभी विनायक दामोदर सावरकर यांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर वीस ब्राउनिंग पिस्तुले खोट्या तळाच्या पेटीतून हिंदुस्थानात पाठवली. वीस पिस्तुले व काडतुसे प्रवासाच्या एका पेटीच्या तळाशी लपवता आली, ही गोष्टच त्या शस्त्राच्या आकाराविषयी पुरेसे सांगून जाते. त्यांपैकी एका पिस्तुलाने २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत लक्ष्मण कान्हेरे यांनी जिल्हाधिकारी जॅक्सन यांचा वध केला. त्या रात्री तेथे 'शारदा' नाटकाचा प्रयोग होता. कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे व विनायक नारायण देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली, आणि पिस्तुले पाठवल्याचा आरोप सावरकरांच्या दुसऱ्या जन्मठेपेस कारण झाला.

पुण्यातील दुसरी घटना या लेखाच्या दृष्टीने अधिक बोलकी आहे. २२ जुलै १९३१ रोजी मुंबई इलाख्याचे हंगामी गव्हर्नर सर अर्नेस्ट हॉटसन फर्ग्युसन महाविद्यालयाच्या ग्रंथालयास भेट देत असता वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने त्यांच्यावर अगदी जवळून गोळ्या झाडल्या. सोलापूरच्या १९३० च्या लष्करी कायद्यातील अत्याचारांचा रोष त्यामागे होता. तत्कालीन वृत्तांतांनुसार गोळी हॉटसन यांच्या खिशातील पाकिटाच्या धातूच्या बटणावर अडली. हॉटसन यांनी स्वतःच गोगटे यांना धरले. वर दिलेल्या ऊर्जेच्या आकड्यांचा अर्थ समजावून सांगण्यास याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. ज्यावर हल्ला झाला तो वाचला, आणि त्या वाचण्यात त्याच्या स्वतःच्या पिस्तुलाचा काहीही वाटा नव्हता.

क्रांतिकारकांच्या हातातील प्रसिद्ध पिस्तुले बहुतांशी याच '.३२' कुळातील दिसतात. १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोर येथे सँडर्सवर झालेल्या हल्ल्यात खेडचे शिवराम हरी राजगुरू भगतसिंगांच्या सोबत होते, भगतसिंगांचे '.३२' कोल्ट स्वयंचलित पिस्तूल आज हुसैनीवाला येथील संग्रहालयात आहे. चंद्रशेखर आझाद यांचे पिस्तूलही कोल्टचेच, खिशात ठेवण्यासाठी घोडा आत झाकलेल्या १९०३ च्या नमुन्याचे. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींच्या हत्येसाठी नथुराम गोडसे याने वापरलेले इटालियन बेरेटा १९३४ नमुन्याचे होते. ते ९ मिलिमीटरच्या आखूड काडतुसाचे, सात गोळ्यांच्या मॅगझिनचे लष्करी पण लहान पिस्तूल होते आणि ग्वाल्हेरहून मिळवलेले होते.

या घटनांचे हेतू एकमेकांपासून कमालीचे दूर आहेत. त्यांना नैतिक दृष्ट्या एका रांगेत बसवण्याचा येथे उद्देश नाही. परंतु शस्त्राच्या अंगाने पाहता त्या सर्वांत एक समान रचना आहे. वेळ, जागा आणि अंतर हल्ला करणाऱ्याने निवडले होते. अंतर काही पावलांचे होते, समोरचा बेसावध होता. आकड्यांत दिसणारा दुबळेपणा या परिस्थितीत भरून निघतो. बचाव करणाऱ्याच्या वाट्याला यांपैकी एकही अनुकूलता येत नाही. अपवाद म्हणून २७ फेब्रुवारी १९३१ रोजी अलाहाबादच्या आल्फ्रेड पार्कमध्ये वेढले गेलेल्या आझादांचे नाव घ्यावे लागेल. त्यांनी आपल्या पिस्तुलाने सोबत्याला निसटण्याइतका अवधी मिळवून दिला. ते निष्णात नेमबाज होते, आणि तरीही स्वतः त्या वेढ्यातून बाहेर पडू शकले नाहीत.

'.३२' च का?

भारतात परवानाधारकाच्या हाती दिसणारे लहान शस्त्र बहुधा '.३२' चेच का असते, असा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर तंत्रात नसून कायद्यात आहे. शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालील १९६२ च्या नियमांनी लष्करी काडतुसे चालवू शकणारी हातशस्त्रे, म्हणजे '.३८' व '.४५५' ची कडेदार किंवा लष्करी ९ मिलिमीटर व '.४५' ची काडतुसे ज्यांत बसतात अशी पिस्तुले व रिव्हॉल्व्हर, सामान्य परवान्याच्या कक्षेबाहेर ठेवली. सरकारी दारूगोळा चोरीस जाऊन खासगी शस्त्रांत वापरला जाऊ नये, हा त्यामागील सरळ हिशेब. परिणामी नागरिकांसाठी '.३२', '.२५' व '.२२' ही मापे उरली. पुढे १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खासगी आयात बंद झाल्याने देशात आधीच आलेल्या परदेशी पिस्तुलांची किंमत मूळ किमतीच्या कितीतरी पट झाली. गुणवत्तेपेक्षा दुर्मीळतेला दाम मिळू लागला. साठ-सत्तर वर्षांचे जुने, सुटे भाग न मिळणारे पिस्तूल केवळ परदेशी म्हणून मिरवले जाते, हे तंत्रदृष्ट्या शहाणपणाचे म्हणता येणार नाही.

१९६२ च्या नियमांची जागा २०१६ च्या शस्त्र नियमांनी घेतली. त्यातील एक तरतूद अभ्यासकांच्या नजरेतून सहसा निसटते. सार्वजनिक ठिकाणी हातशस्त्र नेताना ते म्यानात किंवा तत्सम आवरणात, पूर्णपणे झाकलेले आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात असले पाहिजे. ते उगारणे किंवा हवेत झाडणे निषिद्ध आहे. अमेरिकेत शस्त्र झाकून बाळगण्याचा हक्क हा दीर्घकाळ न्यायालयीन वादाचा विषय राहिला आणि २०२२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्क राज्याचा निर्बंध रद्द ठरवला. भारतात शस्त्र बाळगणे हा मूलभूत हक्क नाही. ती शासनाने दिलेली सवलत आहे. मात्र सवलत मिळाल्यावर शस्त्र झाकून नेणे हे येथे कर्तव्य ठरते. लग्नाच्या वरातीत शर्ट वर करून कमरेचे पिस्तूल दाखवणारा परवानाधारक त्यामुळे थेट नियमभंग करीत असतो. आनंदाच्या भरात हवेत गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणे हा २०१९ च्या दुरुस्तीनंतर स्वतंत्र अपराध असून त्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. याच दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली.

ग्रामीण पुणे जिल्ह्यात असा परवाना जिल्हादंडाधिकारी देतात. सोमेश्वरनगर परिसरातील अर्जदाराची चौकशी वडगाव निंबाळकर पोलीस ठाण्यामार्फत होते. पीकसंरक्षणाचा परवाना आणि पिस्तुलाचा परवाना यांत कायदा स्पष्ट भेद करतो. पीकसंरक्षणासाठी लांब नळीची बंदूकच अपेक्षित आहे, आणि ते योग्यच आहे. रानडुकराच्या बाबतीत '.३२' चे पिस्तूल जवळजवळ निरुपयोगी, आणि उसाच्या फडातील बिबट्याच्या बाबतीत तर ते धोका वाढवणारे ठरेल. शिवाय बिबट्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत येतो.

भारतीय बनावटीची पाच शस्त्रे

आयात बंद झाल्यावर नागरिकांची गरज दीर्घकाळ सरकारी आयुध निर्माणींनी भागवली. कानपूरचे '.३२' रिव्हॉल्व्हर हे त्यातील सर्वाधिक परिचित. त्याची बांधणी इंग्लंडच्या वेब्ले मार्क चार या रिव्हॉल्व्हरवर बेतलेली असून ते मधून मोडून भरावे लागते आणि त्यात सहा काडतुसे बसतात. रचना जुनी, वजन बऱ्यापैकी, पण वर सांगितलेल्या कारणाने हाताळण्यास शांत. ईशापूरच्या रायफल फॅक्टरीचे 'अशनी' हे '.३२' चे अर्धस्वयंचलित पिस्तूल चपटे असल्याने झाकून नेण्यास अधिक सोयीचे, परंतु त्याच्या मॅगझिनची व सरकत्या भागाची निगा राखणे आवश्यक ठरते. कारखान्याच्या परिसरातील बगॅसची धूळ, उन्हाळ्यातील घाम व पावसाळ्यातील दमट हवा या तिन्ही गोष्टी अशा यंत्रणेच्या शत्रू आहेत. खिशातील लोकर व कापसाचे तंतूही तिला अडवण्यास पुरेसे होतात.

जानेवारी २०१४ मध्ये कानपूरहून 'निर्भीक' हे '.३२' चे हलके रिव्हॉल्व्हर बाजारात आले. वजन ५०० ग्रॅम, टायटॅनियमचे मिश्रधातू, दागिन्यांच्या पेटीसारखे वेष्टन आणि त्या वेळची किंमत १ लाख २२ हजार ३६० रुपये. १६ डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील घटनेच्या पार्श्वभूमीवर ते स्त्रियांसाठी म्हणून पुढे आणले गेले, आणि मणिपूरमधील बंदूकपीडित स्त्रियांसाठी काम करणाऱ्या बिनालक्ष्मी नेप्राम यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी त्यावर कडाडून टीका केली. टीकेतील तथ्य आकड्यांवरून ध्यानात येते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या परिचयाचा असल्याचे वर्षानुवर्षे दिसते. ओळखीच्या माणसासमोर, बहुधा घरात किंवा घराजवळ, पर्समधील रिव्हॉल्व्हर हाती येण्याचा क्षण येतच नाही. किंमतीचा मुद्दा तर वेगळाच. ज्या स्त्रीला पहाटे एसटीने किंवा पायी जावे लागते तिच्यासाठी सव्वा लाखाची वस्तू नाही.

त्यानंतर आलेले ईशापूरचे 'निडर' हे '.२२' चे रिव्हॉल्व्हर आणखी हलके, सुमारे २५० ग्रॅमचे, आणि किंमतीनेही पुष्कळ कमी. त्याचा झटका सौम्य आहे, कारण काडतूसच सौम्य आहे. सरावासाठी ते निःसंशय उपयुक्त; जीव वाचवण्याचे साधन म्हणून त्यावर विसंबणे कठीण. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन सात कंपन्या झाल्या. त्यांपैकी कानपूरच्या कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये 'प्रबल' हे बाजूला उघडणाऱ्या चक्राचे '.३२' रिव्हॉल्व्हर आणले. वजन सुमारे ७०० ग्रॅम, नळी ७६ मिलिमीटर, आणि मारा ५० मीटरपर्यंत असल्याचे निर्मात्याचे सांगणे. हा शेवटचा आकडा ग्राहकाला भुरळ घालणारा असला तरी स्वसंरक्षणाशी त्याचा संबंध अल्प आहे. पन्नास मीटरवरील माणसापासून बचाव करण्याचा मार्ग बहुधा मागे फिरणे हाच असतो, आणि कायदाही त्याच बाजूने झुकतो. या सर्वांत निवड करायचीच झाल्यास नवशिक्या परवानाधारकास जड रिव्हॉल्व्हर हेच कमी धोक्याचे, असे म्हणता येईल. ते खिशात नीट मावत नाही, हा त्याचा दोष नसून बहुधा गुणच आहे.

दीड सेकंदाचा प्रश्न

१९८३ मध्ये अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस टुएलर यांनी एक साधा प्रयोग मांडला. सुरा हाती घेतलेला माणूस २१ फूट, म्हणजे सुमारे साडेसहा मीटर अंतर दीड सेकंदात कापतो. आणि प्रशिक्षित पोलिसाला कमरेच्या उघड्या म्यानातून पिस्तूल काढून नेम धरण्यास तेवढाच वेळ लागतो. या आकड्याचा पुढे नियम म्हणून फार ताणून वापर झाला, तरी त्यातील मूळ निरीक्षण खोटे ठरत नाही. आता येथील परवानाधारकाची स्थिती पाहावी. शस्त्र सदऱ्याखाली झाकलेले, कायद्यानेच झाकलेले. सराव वर्षातून एखादा. वेळ रात्रीची, रस्ता फाट्यावरचा, आणि समोरचे दोघे दुचाकीवरून उतरलेले. दीड सेकंद त्याला पुरणार नाहीत. पुरले तरी पुढे भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ आहेत, जी १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या ९६ ते १०६ या कलमांच्या जागी आली. आवश्यकतेहून अधिक इजा करण्याचा अधिकार ती देत नाहीत. पळणाऱ्या चोराच्या पाठीत घातलेली गोळी स्वसंरक्षणात बसवणे वकिलालाही जड जाते.

धोका बाहेरच्यापेक्षा घरातला अधिक, हे अलीकडील ठळक घटनांतूनही दिसते. १ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे मुंबईत अभिनेते गोविंदा यांना त्यांच्याच परवानाधारक रिव्हॉल्व्हरची गोळी पायात लागली. शस्त्र कपाटात ठेवताना हा अपघात झाला. ८ फेब्रुवारी २०२४ रोजी दहिसर येथे माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची हत्या ज्या पिस्तुलाने झाली, ते मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या नावावरील परवान्याचे असल्याचे तपासात पुढे आले. संरक्षणासाठी नेमलेल्या माणसाचे शस्त्र भलत्याच हातात गेले. बेकायदा गावठी पिस्तुलांचा प्रश्न याहून मोठा आहे, पुणे जिल्ह्यातील जप्तींचे धागे वारंवार मध्य प्रदेशातील उमरटीसारख्या गावांकडे जातात. पण तो स्वतंत्र लेखाचा विषय होईल.

परवानाधारकाच्या पश्चात

एका बाबीकडे शेतकरी कुटुंबांत हमखास दुर्लक्ष होते. परवाना व्यक्तीचा असतो, घराण्याचा नव्हे. निवडणुकीच्या काळात छाननी समितीच्या निर्णयानुसार शस्त्र ठाण्यात जमा करण्याची पद्धत सर्वांस ठाऊक आहे. परंतु परवानाधारकाचे निधन झाल्यावर त्याच क्षणापासून घरातील शस्त्र विनापरवाना ठरते, हे अनेकांच्या गावीही नसते. अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करावे लागते. वारसाला स्वतःच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. परवानाधारक हयात असतानाही, त्याने वयाची सत्तर वर्षे पूर्ण केल्यावर किंवा शस्त्र पंचवीस वर्षे बाळगल्यावर, यांपैकी जे आधी घडेल त्यानंतर, शस्त्र वारसाकडे सोपवण्याची तरतूद नियमांत आहे. अर्जदार एकवीस वर्षांचा असला पाहिजे व त्यास शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते. ही प्रक्रिया हयातीत पूर्ण न केल्यास तेराव्यानंतर कपाट आवरताना धोतराच्या घडीत सापडलेल्या त्या जुन्या '.३२' चे, आणि त्यात अजून बसलेल्या काडतुसांचे, काय करायचे हा प्रश्न ज्यांनी ते कधी हातीही धरलेले नाही अशा घरातील स्त्रियांपुढे येऊन उभा राहतो.